५१, ५७, ९१ पुन्हा पुन्हा ‘मूळ’ ठरतात? चूक नेमकी कुठे आहे ते असे शोधा

मूळ आणि संयुक्त संख्या घरी कितीही वेळा करून घेतल्या, व्याख्या तोंडपाठ झाली, तरी पेपरात त्याच चुका होतात, ही तक्रार चौथी-पाचवीच्या पालकांकडून मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. शिष्यवृत्तीच्या सरावात ती आणखी ठळकपणे दिसते. या चुका दुरुस्त करता करता एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली आहे. बिघाड मूळ संख्यांच्या धड्यात क्वचितच असतो. तो आधीच्या एखाद्या पायरीवर असतो आणि इथे येऊन दिसतो. म्हणून तोच धडा पुन्हा शिकवून तो जात नाही, आधी जागा शोधावी लागते.

लक्षणे

खालीलपैकी काय घडते ते मुलाच्या वहीत बघा.

- १ ला मूळ संख्या म्हटले आहे.
- २ ला संयुक्त म्हटले आहे, कारण “ती सम आहे”.
- ९, १५, २१, २७ यांना मूळ म्हटले आहे.
- लहान संख्या बरोबर येतात, पण ३९, ५१, ५७, ६९, ८७, ९३ आणि ९१ चुकतात.
- लेखी बरोबर, तोंडी चूक. किंवा उलट.
- उत्तर बरोबर येते, पण एका संख्येला पाच मिनिटे लागतात आणि पेपर अर्धा राहतो.
- आज बरोबर आलेली संख्या चार दिवसांनी पुन्हा चुकते.

वही बघून उलगडा झाला नाही तर एका चिठ्ठीवर आठ संख्या लिहून द्या: १, २, ९, २९, ५१, ७७, ९१, ९७. प्रत्येकीपुढे मूळ, संयुक्त किंवा दोन्ही नाही, असे लिहायला सांगा आणि शेवटी प्रत्येकीबद्दल “कशावरून?” असे विचारा. मुलाने दिलेले कारण त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. उत्तर अंदाजानेही बरोबर येऊ शकते, कारण मात्र अंदाजाने देता येत नाही. ही चिठ्ठी जपून ठेवा, पुढे लागेल.

१ किंवा २ चुकले तर व्याख्या कच्ची आहे. ९ चुकला तर विषम म्हणजे मूळ अशी समजूत बसली आहे. ५१ चुकला तर ३ ची कसोटी वापरली जात नाही. फक्त ९१ चुकला तर बाकी सगळे ठीक आहे, ७ ने भागून बघायचे राहिले आहे. ९७ वर मूल अडकून बसले तर कुठे थांबायचे हे त्याला माहीत नाही. ७७ सुद्धा चुकला तर मूळ संख्या बाजूला ठेवा आणि थेट पाढ्यांच्या तपासणीकडे जा, ती खाली आहे.

आता सोप्या, बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरुवात करू.

आधी कान तपासा

संख्या लिहून दिली की बरोबर आणि बोलली की चूक, असे होत असेल तर पहिला संशय ‘एकोण’वर घ्या. एकोणसाठ म्हटल्यावर मुलाला ‘साठ’ ऐकू येते आणि हात ६९ लिहून मोकळा होतो. ५९ मूळ आहे आणि ६९ संयुक्त, म्हणजे मुलाने पुढचे सगळे गणित अगदी बरोबर केले तरी उत्तर चुकणारच. एकोणतीसचे ३९ होतात, एकोणनव्वदचे ९९, तिथेही मूळ संख्येची संयुक्त होते. एकोणसत्तर ऐकून ७९ लिहिले तर उलटे घडते, संयुक्तची मूळ होते. सगळ्यात फसवी एकोणऐंशी. तिचे चुकून ८९ झाले तरी दोन्ही मूळच असल्यामुळे उत्तर बरोबर येते आणि चूक झाकली जाते.

तपासायला दोन मिनिटे लागतात. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, सत्तावन्न, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव एवढ्या संख्या तोंडी सांगा आणि फक्त अंकांत लिहून घ्या. मूळ-संयुक्त काही विचारू नका. इथे चूक सापडली तर रोज पाच-सात संख्यांचे श्रुतलेखन घ्या. ही चूक लवकर सुटते, म्हणूनच ती आधी बघायची.

व्याख्या पाठ आहे, पण पुरी आहे का?

“जिला १ ने आणि त्याच संख्येने भाग जातो ती मूळ संख्या.” बहुतेक मुले हे धडाधडा म्हणतात. त्यांना लगेच विचारा: “१२ ला १ ने भाग जातो का? १२ ने जातो का? मग १२ मूळ का नाही?”

मूल गोंधळले तर बिघाड सापडला. व्याख्येतला ‘फक्त’ गळला आहे. प्रत्येक संख्येला १ ने आणि स्वतःने भाग जातोच, त्यामुळे ‘फक्त’ नसेल तर ती व्याख्या कुणालाच वगळत नाही. वर १ सुद्धा त्यातून सुखरूप निघून जातो, कारण त्याला १ ने भाग जातो आणि स्वतःनेही जातो.

म्हणून मी भाग जाण्याची भाषा सोडून मोजण्याची भाषा वापरते. विभाजक लिहा आणि मोजा. बरोबर दोन आले तर मूळ, दोनहून जास्त आले तर संयुक्त, एकच आला तर दोन्ही नाही. १ ते २० पर्यंतच्या संख्यांचे विभाजक वहीत ओळीने लिहून घ्या, पुढे त्यांची संख्या लिहा:

१ : १ → एक
२ : १, २ → दोन
६ : १, २, ३, ६ → चार
७ : १, ७ → दोन
९ : १, ३, ९ → तीन

हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिले की १, २ आणि ९ हे तिन्ही प्रश्न एकत्रच सुटतात. २ सम आहे खरी, पण तिचे विभाजक दोनच आहेत. २ नंतरच्या प्रत्येक सम संख्येला १, २ आणि ती स्वतः असे किमान तीन विभाजक मिळतात, म्हणून २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे. ९ विषम आहे खरी, पण मधे ३ आला.

लिहूनही पटत नसेल तर चिंचोके घ्या. १२ चिंचोके सारख्या रांगांत मांडायला सांगा: १२ ची एक रांग, ६ च्या दोन, ४ च्या तीन. मग ७ घ्या. कितीही खटपट केली तरी सातांची एकच लांब रांग होते, दोन किंवा तीन सारख्या रांगा होतच नाहीत. ज्या मुलाला ‘विभाजक’ हा शब्दच जड जातो त्याच्या हाताला हे लगेच कळते. त्याने स्वतः मांडून बघितले पाहिजे, आपण मांडून दाखवले तर उपयोग होत नाही.

१ ला वगळण्याचे कारण चौकस मुले हमखास विचारतात, आणि “नियमच आहे” हे उत्तर त्यांना देऊ नये. १२ चे मूळ अवयव पाडले तर २ × २ × ३ येतात. कुणीही, कसेही पाडले तरी हेच येतात, फक्त क्रम बदलतो. १ ला मूळ मानले तर १ × २ × २ × ३ हेही चालेल, १ × १ × २ × २ × ३ हेही चालेल, आणि याला अंतच राहणार नाही. एका संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ही फार मोलाची गोष्ट टिकवण्यासाठी १ ला बाहेर ठेवले आहे. पूर्वीचे काही गणितज्ञ १ ला मूळ धरत असत. गोल्डबाख यांनी १७४२ मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात १ मूळ संख्यांत मोजला आहे. मुलाला हे जरूर सांगा. आपल्याला पडलेला प्रश्न एवढ्या मोठ्या माणसांच्याही वाटेत आला होता, हे ऐकून त्याला हुरूप येतो.

३ ची कसोटी

इथे थोडे थांबू, कारण सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

शंभराच्या आतल्या संयुक्त संख्यांपैकी सम संख्या मुले ओळखतात. ५ किंवा ० शेवटी असलेल्याही ओळखतात. राहिलेल्यांपैकी ९, २१, २७, ४९, ६३, ८१ दहापर्यंतच्या पाढ्यांत भेटलेल्या असतात. ३३, ७७, ९९ दिसायलाच ओळखीच्या. मग उरतात फक्त सात: ३९, ५१, ५७, ६९, ८७, ९३ आणि ९१. या दहापर्यंतच्या कुठल्याच पाढ्यात येत नाहीत, म्हणून मुलाला त्या अनोळखी वाटतात, आणि अनोळखी म्हणजे मूळ असे ते ठरवून टाकते.

सातांपैकी पहिल्या सहा ३ च्या कसोटीत अडकतात. अंकांची बेरीज करा, तिला ३ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. ५१ : ५ + १ = ६. ८७ : ८ + ७ = १५. कसोटी बहुतेक मुलांना पाठ असते, पण ऐनवेळी आठवत नाही, कारण ती का चालते हे कुणी सांगितलेले नसते. सांगायला सोपे आहे. दहाचे तीन सारखे वाटे केले की प्रत्येकाला ३ मिळतात आणि १ उरतो. ५७ मध्ये पाच दहा आहेत, म्हणून ५ उरले. त्यात सुटे ७ मिळवले की १२ झाले. बाराचे तीन सारखे वाटे होतात, म्हणून ५७ चेही होतात. पाच आणि सात मिळवायचे ते या उरलेल्यांसाठी.

ज्या घरी आजी-आजोबांना तीसपर्यंतचे पाढे येतात तिथे त्यांची मदत घ्या. “सतरा त्रिक एक्कावन्न”, “एकोणीस त्रिक सत्तावन्न”, “तेरा साते एक्याण्णव” हे कानावर पडत राहिले की या संख्यांचे अनोळखीपण जाते. सगळे पाढे आताच पाठ करायची गरज नाही, या सात संख्यांची वाक्ये पुरेत.

९१ वेगळी आहे. ७ साठी शाळकरी मुलाला झेपेल अशी झटपट कसोटी नाही, म्हणून सरळ भागायचे. शंभराच्या आत २, ३ आणि ५ यांच्या तपासणीतून सुटून जाणाऱ्या संयुक्त संख्या तीनच आहेत: ४९, ७७ आणि ९१. या तिन्ही ७ च्या पटीतल्या आहेत. हे मुलाला आधी सांगू नका, चाळणी करताना, म्हणजे १ ते १०० लिहून १ आणि मूळ संख्यांच्या पटी खोडत जाताना, त्याला स्वतः सापडू द्या.

कुठे थांबायचे?

९७ साठी मूल २, ३, ४, ५, ६ असे करत पार पन्नासपर्यंत भागत बसते. मेहनती मुलांची ही खोड, आणि तिच्यामुळे वेळ संपतो.

विभाजक जोडीने येतात: १ × १२, २ × ६, ३ × ४. पुढे ४ × ३, ६ × २ या जुन्याच जोड्या उलट्या होऊन येतात. आता १० × १० = १००. शंभराहून लहान संख्येचे दोन अवयव पाडले तर दोन्ही १० पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, एक तरी १० च्या आत असणार. म्हणून १० च्या आत बघितले की पुरे. त्यातही ४, ६, ८ बघायला नकोत, कारण २ ने भाग गेला नाही तर त्यांनीही जात नाही. ९ बघायला नको, ३ बघून झाले. राहिले २, ३, ५ आणि ७. चार प्रश्न, आणि काम संपले.

९७ : विषम आहे. ९ + ७ = १६, ३ ने भाग जात नाही. शेवटी ५ किंवा ० नाही. तेरा साते ९१, वर ६ उरले. मूळ.

हेच चार प्रश्न १२० पर्यंत पुरतात. १२१ म्हणजे ११ × ११, तिथून पुढे ११ ने भागून बघावे लागते, आणि १६९ पासून १३ ने. शंभराच्या पुढे ११९ (७ × १७), १३३ (७ × १९) आणि १४३ (११ × १३) या तीन संख्या हमखास फसवतात, एवढे लक्षात असू द्या.

चाळणी चुकते कुठे

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाच्या नावाने ओळखली जाणारी चाळणी वर्गात सगळीकडे करून घेतात. तरी २५ ऐवजी कुणाच्या २१ उरतात, कुणाच्या ३०. कारणे ठरलेली आहेत. पटी खोडायच्या म्हणून मूल २, ३, ५, ७ यांनाच खोडते. किंवा १ खोडायचा राहतो. तिसरे कारण सहज दिसत नाही: २ च्या पटी खोडल्यावर ३ च्या पटीसाठी मूल दर तिसरी ‘न खोडलेली’ चौकट मोजते. खोडलेल्या चौकटीही मोजायच्या असतात, हे त्याच्या शेजारी बसून एकदा तपासा.

मी दहाऐवजी सहा-सहा संख्यांच्या ओळी करून घेते. २ सोडून दुसरा, चौथा आणि सहावा उभा रकाना पूर्ण खोडला जातो, ३ सोडून तिसराही. उरतात पहिला आणि पाचवा. ५ च्या पटी तिरप्या रेषेत एका बाजूला उतरतात, ७ च्या दुसऱ्या बाजूला. ही नक्षी मोडलेली दिसली की चूक मुलाला स्वतःलाच कळते, आपल्याला बोट दाखवावे लागत नाही. ३ च्या पुढच्या सगळ्या मूळ संख्या दोनच रकान्यांत येतात हे पाहून मुलांचे डोळे मोठे होतात. जोडमूळ संख्यांच्या, म्हणजे ११ आणि १३ सारख्या दोनचा फरक असलेल्या मूळ संख्यांच्या, शंभरपर्यंतच्या आठ जोड्याही याच तक्त्यावर शोधता येतात.

शेवटी पडताळा. दर दहात किती मूळ संख्या, याचा आकडा शिकवणीवर्गांत पाठच करून घेतात: ४४२२३२२३२१. बेरीज २५. हा आकडा उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नका. शेवटच्या दहात मुलाने ९१ घेतली आणि ९७ सोडली, तरी मोजणी १ च येते. मोजणी जुळली म्हणजे यादी बरोबर असे नाही.

एक प्रश्न इथेच करून घ्या: १ ते १०० मध्ये संयुक्त संख्या किती? शंभरातून २५ वजा करून मुले ७५ म्हणतात. उत्तर ७४ आहे, कारण १ कुठल्याच गटात नाही.

सहमूळ संख्यांचा घोटाळा वेगळा आहे, तो दोन वाक्यांत मिटतो. ८ आणि ९ सहमूळ आहेत, कारण त्यांना १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक नाही, पण दोन्हींपैकी एकही मूळ नाही. तिथे प्रश्न दोन संख्यांच्या नात्याचा असतो, एकटीचा नाही.

पाढे आणि भागाकार

वरचे सगळे करूनही चुका राहिल्या, किंवा आज बरोबर आलेले चार दिवसांनी पुसले जात असेल, तर बिघाड खोल आहे. ८४ ÷ ७, ९१ ÷ ७ आणि ५० ÷ ६ ही तीन उदाहरणे द्या. शेवटच्या उदाहरणात बाकी २ का उरली, हे मुलाला सांगता आले पाहिजे. नाही आले, तर मूळ संख्या पूर्ण थांबवा. बाकी म्हणजे काय हे न कळणाऱ्या मुलाला “भाग जात नाही” हे वाक्य पोकळ असते, आणि त्याच्यावर मूळ संख्यांची यादी लादली तर ते फक्त पाठ करते.

इथली दुरुस्ती वेळखाऊ आहे. चिंचोक्यांचे सारखे वाटे, मग कागदावर भागाकार, मग पाढे, रोज पंधरा-वीस मिनिटे, महिना-दीड महिना. एका रविवारी बसून हे होत नाही. परीक्षा तोंडावर असेल तर या वेळी दोन-तीन गुण जाऊ द्या, पण पाया घाईने भरू नका.

कधी थांबायचे आणि कुणाकडे जायचे

मूल रडत असेल, पोट दुखते म्हणत असेल, वही लपवत असेल तर त्या दिवशी लगेच थांबा. हे रोज होऊ लागले तर घरचे शिकवणे बंद करा आणि वर्गशिक्षकांना भेटा. वर्गातली चूक आणि घरची चूक एकच आहे का, हे त्यांच्याकडूनच कळेल. फळ्यावरून उतरवताना ६ चे ८ किंवा ३ चे ८ होत असतील तर आधी डोळे तपासून घ्या.

काही खुणा मात्र शिकवण्याने जाणाऱ्या नसतात. पाचवीतल्या मुलाला ८ + ५ साठी दर वेळी बोटे मोजावी लागणे, १६ आणि ६१ यांची सतत अदलाबदल, ४७ मोठी की ७४ हे पटकन न कळणे, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही तोच गोंधळ, आणि हे सगळे नियमित सराव करूनही महिनोन्महिने तसेच राहणे. अशा वेळी आणखी उदाहरणे देणे हा उपाय नाही. बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची रीतसर चाचणी करून घ्या. गणितातल्या अशा अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. मुलाच्या हुशारीशी किंवा आळसाशी तिचा संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेत तिचा समावेश आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात अशी तपासणी होते. इतर ठिकाणी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. चाचणी होण्याआधी घरी कुणीही मुलाला हे नाव चिकटवू नका, आणि एखादी खूण जुळली म्हणून घाबरूनही जाऊ नका.

जाताना गणिताच्या गेल्या काही महिन्यांच्या वह्या, तपासलेले पेपर आणि ती आठ संख्यांची चिठ्ठी, मुलाने दिलेल्या कारणांसकट, सोबत न्या.